फणसाची फळी

कर्दळीची फुलं दिसली की माझं डोकं फिरतं. लाल असोत, पिवळी असोत, ठिपक्यांची असोत. आई सोसायटीच्या बागेत कौतुकाने एखादा कंद लावायला घेते आणि मी तिच्यावर खेकसते, ते तेवढं नको. तिला वाटतं, नोकरी सुटल्यापासून मुलीचा स्वभाव बिघडला. बिघडलाच आहे. घाडीकाकांबद्दल मी तिला पुष्कळ सांगितलंय, पण कर्दळीचा आणि रागाचा संबंध काय, हे सांगायचं दरवेळी टाळलं, कारण त्यात मी येते. आज लिहून टाकते. शांतपणे लिहीन असं मात्र कबूल करत नाही.

घाडीकाका म्हणजे दत्ताराम घाडीगावकर. मुलुंडला मेन रोडला लागून एक मोठं संकुल आहे. पुढे मॉल, मागे ऑफिसांच्या तीन इमारती, आणि उरलेलं सगळं पार्किंग. नाव घेत नाही. घेतलं तर वकिलाची नोटीस येईल आणि त्या नोटिशीवरही कोपऱ्यात कर्दळीचं चित्र असेल. मी तिथे फॅसिलिटी ऑफिसात होते. फॅसिलिटी म्हणजे लिफ्ट, एसी, दिवे, संडास, पाणी. दुकानदारांच्या तक्रारी ऐकायच्या आणि सरकारी फॉर्म भरायचे, हे माझं काम. पाणी हे काकांचं काम. माझ्या आधी कितीतरी वर्षं ते तिथे होते.

त्या जागेवर पूर्वी पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना होता आणि काका तिथे पंपावर होते. कारखाना बंद झाला, जागा विकली गेली, सगळं जमीनदोस्त झालं. पण जमिनीखालून कुठला पाइप कुठे जातो हे एकट्या काकांना ठाऊक, म्हणून नव्या मालकांनी त्यांना ठेवून घेतलं. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते, तीही अशीच बंद पडली. "आमच्या घराण्यात आम्ही नोकरी सोडत नाय गो, नोकरी आमका सोडता," असं ते हसत सांगायचे. कुडाळजवळचं गाव, जन्म मात्र मुंबईतला. एरवी, एखादा शब्द सोडला तर, आपल्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायचे. चिडले की मालवणी सुरू व्हायचं. मालवणी ऐकू आलं की हाउसकीपिंगची माणसं झाडू घेऊन दुसऱ्या मजल्यावर निघून जायची.

संकुलाच्या मागच्या भिंतीला लागून एक बैठी चाळ आहे. काका तिथेच राहायचे, शेवटून दुसऱ्या खोलीत. दारासमोर विहीर. चाळीच्या नळाला सकाळी तासभर पाणी येतं. ते प्यायला आणि चुलीपाशी. बाकी धुणी, भांडी, आंघोळी, सगळं त्या विहिरीवर.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. "मॅडम, पाऊस कुठे पडतो?"

मी म्हटलं, "सगळीकडेच पडतो."

"आपल्याकडे कुठे पडतो?"

"पार्किंगमध्ये."

"मग या." ते मला भर उन्हात पार्किंगमध्ये घेऊन गेले, एका गाडीशेजारी उकिडवे बसले, डांबरावर बोट फिरवलं आणि ते काळंकुट्ट बोट माझ्या नाकासमोर धरलं. "हे बघा. इंजिनचं तेल, टायरचा चुरा, ब्रेकची पूड, पानाची पिचकारी, सिगारेटची थोटकं. पाऊस पडला की हे सगळं आंघोळ करून निघतं. कुठे जातं?"

"गटारात?"

"गटार कुठे जातं?"

मला माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी मुलुंडात जन्म काढला होता आणि मला माहीत नव्हतं. नाल्यातून खाडीत जातं, हे त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं आणि वर म्हणाले, "नाय, लाज वाटून घेऊ नको. वरच्या मजल्यावर कोणालाच माहीत नाही."

ते जाऊ नये म्हणून तिथे जी व्यवस्था होती ती थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचा माझा संताप कळायचा नाही. पार्किंगमधलं पावसाचं पाणी जाळीतून आधी गाळटाकीत यायचं. तिथे माती खाली बसायची, तेल वर तरंगायचं आणि मधलं पाणी पुढे सरकायचं. पुढे मागच्या भिंतीच्या कडेने एक लांबलचक चर होता. तळाला खडी, त्यावर वाळू, वर कर्दळ, वाळा आणि लव्हाळा. त्या मुळांमधून रमतगमत पाणी शेवटी नाल्याला मिळायचं. थोडं वाटेत जमिनीत मुरायचं आणि ते चाळीच्या विहिरीला लागायचं. हा चर करण्याच्या अटीवरच संकुलाला परवानगी मिळाली होती. कोणा शहाण्या माणसाने तो आखला होता, पण आखणारा आखून गेला. चालवला तो काकांनी.

टाकी आणि चर यांच्यामध्ये कंपनीने एक लोखंडी झडप बसवली होती. दुसऱ्याच पावसाळ्यात ती गंजून अशी अडकली की तिघांना हलेना. नवी मागवायला काकांनी अर्ज केले. अर्जांचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. मग काका गणपतीला गावी गेले आणि येताना एसटीच्या टपावरून फणसाच्या लाकडाची एक जाड फळी घेऊन आले. खाचेत घासूनपुसून बसवली, वर भोक पाडून नायलॉनची दोरी बांधली. फणस पाण्यात कुजत नाही म्हणे. दर मे महिन्यात ते तिला काजूच्या टरफलाचं तेल पाजायचे आणि उन्हात नाही, सावलीत वाळवायचे. पाऊस सुरू झाला की फळी खाली, म्हणजे पहिल्या अर्ध्या तासाचं काळं पाणी टाकीत कोंडलं जायचं. ते निवळलं की फळी इंच इंच वर. "भाताच्या वाफ्यातून वाफ्यात पाणी सोडतो तसं सोडायचं," असं ते म्हणायचे. "घाई केली की केलेलं सगळं वाहून जातं."

अंगाने किरकोळ, बारा महिने गमबूट, खिशाला पेन, आणि पावसात डोक्यावर मॉलमधल्या महागड्या दुकानाची पिशवी. एवढ्या मोठ्या संकुलात त्यांना एक रेनकोट मिळत नव्हता, कारण त्यांचं पद 'इनडोअर' मध्ये मोडत होतं! मी तीन वेळा लिहिलं. चौथ्यांदा माझ्या पैशाने आणून दिला, तो त्यांनी पंपाला घातला.

आणि बाटल्या. गावाहून येणाऱ्या कोकम सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या ते धुऊन ठेवायचे. दर मोठ्या पावसाला तीन भरायच्या. जाळीपाशी पहिली, टाकीनंतर दुसरी, चराच्या शेवटी तिसरी. पहिली काजळासारखी, दुसरी चहासारखी, तिसरीतून वर्तमानपत्र वाचता यायचं. पंपाच्या खोलीत मांडणीवर त्या ओळीने उभ्या असायच्या. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी, तारीख, वेळ आणि नाव. ते नाव मात्र कधीच काकांचं नसायचं. जो समोर सापडेल त्याला ते लिहायला लावायचे. सिक्युरिटीवाला, झाडूवाली बाई, पार्सल द्यायला आलेला माणूस. माझं नाव तर पाच-पन्नास बाटल्यांवर असेल.

मी एकदा विचारलं, "तुम्हीच का नाही लिहीत? अक्षर तर चांगलं आहे तुमचं."

"मी लिहिलं तर मी बोललो. तू लिहिलंस तर तू बघितलंस," ते म्हणाले. "बघितल्याशिवाय लिहायचं नाही आणि लिहिल्यावर नाही म्हणायचं नाही."

लोकांसमोर मी मॅडम, एरवी गो बाय. मला ते आवडायचं.

फूडकोर्टाच्या तेलाची गोष्ट तर आमच्याकडे वर्षभर पुरली. एका बर्गरवाल्याची माणसं तळणीचं जळकं तेल मागच्या दाराबाहेर पावसाच्या जाळीत ओतायची. काकांनी दोनदा सांगितलं, मी दोन पत्रं दिली. तिसऱ्या वेळी काका टाकीत उतरले, वरचं तेल मगाने काढून बादलीत भरलं आणि रविवारी दुपारी, रांग पार सरकत्या जिन्यापर्यंत गेलेली असताना, ती बादली काउंटरवर नेऊन ठेवली. बादलीत थोटकं तरंगत होती.

"शेठ, तुमचं तेल खाली राहिलं होतं," काका अगदी अदबीने म्हणाले. "पावसाच्या जाळीत. घ्या, आज गर्दी आहे, लागेल."

रांग जी विरघळली! मॅनेजर धावत आला, सिक्युरिटी आली. काका हात पुसत म्हणाले, "यात माझं काय आहे? हरवलेली वस्तू परत केली." त्यांना मेमो मिळाला. बर्गरवाल्याला काहीही मिळालं नाही, उलट त्याला गैरसोयीबद्दल दिलगिरीचं पत्र गेलं. ते पत्र मी टाइप केलं होतं. पण जाळीत तेल पुन्हा आलं नाही.

मेमोवर सही होती आमच्या सेंटर मॅनेजरची, प्रधानसाहेबांची. प्रधानसाहेब वाईट माणूस नव्हते असं अजूनही काही लोक मला सांगतात. वाढदिवसाला केक आणायचे, सगळ्यांची मुलं कितवीत आहेत ते लक्षात ठेवायचे. आणि खोटं बोलायचे, तेही गरज नसताना. हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. एकदा ऐन एप्रिलात तपासणीला अधिकारी येणार असं कळलं. चर कोरडा. कोरडा असणारच, पाऊस नाही तर पाणी कुठून येणार? पण साहेबांनी दोन टँकर मागवले आणि चराच्या टोकाचा खड्डा पाण्याने भरून घेतला, तपासायला पाणी दिसलं पाहिजे म्हणून.

काकांनी त्या पाण्याचीही बाटली भरली. भरली आणि चिठ्ठी चिकटवून पेनासकट साहेबांसमोर धरली. "साहेब, नाव घाला."

"कसलं नाव?"

"पाणी तुम्ही मागवलंत, तुम्ही बघितलंत. तुमचं नाव."

"घाडी, मस्करी बास. तुम्हीच लिहा काय ते."

"मी नाय लिवणार."

साहेब हसले आणि निघून गेले. अधिकारी आला, चरापर्यंत गेलाच नाही, ऑफिसात बसून सँडविच खाल्लं, कागद घेतला आणि गेला. ती कोऱ्या चिठ्ठीची बाटली काकांनी फेकली नाही. ओळीच्या शेवटी ठेवून दिली. पंपाच्या खोलीत गेलं की तिच्याकडे लक्ष जायचंच.

पुढच्या वर्षी फळी हरवली. मे महिन्यात काकांनी तेल पाजून ती सर्व्हिस जिन्याखाली वाळत ठेवली होती. चार दिवसांनी बघतात तर नाही. काकांनी कचरा उपसला, भंगारवाल्याकडे जाऊन आले, दोन दिवस जेवले नाहीत. आभाळ भरून यायला लागलं होतं. मग झाडूवाली सुमन धापा टाकत आली. "काका, तुमची फळी कॉफीच्या दुकानात आहे!"

मी सोबत गेले. तळमजल्यावर नवं कॉफीशॉप उघडत होतं. सजावटवाल्या पोरांना जिन्याखाली ते जुनं, काळपट, भोक पाडलेलं लाकूड दिसलं आणि त्यांचं मन भरून आलं. असं लाकूड विकत मिळत नाही म्हणे. त्यांनी ते भिंतीवर पितळी कंसांवर चढवलं, वर निवडुंगाच्या चिमुकल्या कुंड्या मांडल्या, आणि काकांची नायलॉनची दोरी सुद्धा तशीच लोंबत ठेवली, कारण ती 'ऑथेंटिक' होती. हसावं की थोबाडीत द्यावी, मला कळेना.

काका पुढे झाले. खुर्ची ओढली, गमबूट काढून वर चढले आणि एकेक कुंडी उचलून माझ्या हातात द्यायला लागले. सजावटवाली मुलगी म्हणाली, "अंकल, ते फिक्स्ड आहे." काकांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"अंकल, तुम्हाला माहीत आहे का याची व्हॅल्यू काय आहे?"

तेव्हा मालवणी सुटलं. "माका नाय म्हायत? माझ्या आज्यान लावलेलो फणस तो! माझ्या भावान कापलो, मी टपावर घालून हाडलंय! तू माका व्हॅल्यू सांगतंस?"

फळी खांद्यावर घेऊन ते सरळ मॉलच्या मधून चालत गेले. संगमरवरावरून, अत्तरांच्या दुकानांसमोरून, अनवाणी. मागून मी त्यांचे गमबूट घेऊन. लोक मोबाइल काढून शूटिंग करत होते. तिसऱ्या दिवशी पाऊस धो धो कोसळला आणि फळी खाचेत होती.

त्याच वर्षी संकुलाला 'हरित' म्हणून कसलंसं पारितोषिक मिळालं. मोठ्या दारात चकचकीत पाटी लागली, तिच्यावर चराचा फोटो, भरात आलेली कर्दळ. समारंभाला काकांना बोलावलं नव्हतं. पाटी बसवताना भिंतीत पाणी झिरपतंय म्हणून तेवढं बोलावलं.

आणि पाटी लागल्यावर सहा महिन्यांत तोच चर बुजवला.

मार्केटिंगवाल्यांना मोकळ्या हवेतलं खाण्याचं ठिकाण हवं होतं. मागच्या भिंतीची कडा त्यांना फार आवडली, 'इतकं हिरवं आहे ना तिथे!' म्हणून मग ते हिरवं उपटलं. चरात डेब्रिस भरलं, वर काँक्रीट ओतलं, त्यावर लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा डेक. दिव्यांच्या माळा. आणि कर्दळ? कर्दळ कुंड्यांत लावून टेबलांच्या मधे मांडली. मुळं ज्या पाण्यासाठी होती ते पाणी त्यांच्याखालून काँक्रीटने तोडलं, आणि फुलं ठेवली शोभेला. म्हणून माझं डोकं फिरतं. आई, वाचते आहेस ना?

काका साहेबांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा मी तिथेच होते.

"साहेब, टाकी भरली की पाणी कुठे जाणार?"

"बायपास लाइन टाकतोय ना. पावसाळ्याआधी होईल."

"चढाला टाकताय तुम्ही ती. पाणी चढत नाही. भिंतीला खाली भोकं आहेत, त्यातून ते चाळीत जाणार. आणि चाळीत सगळ्यात खाली विहीर आहे."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "घाडी, तुमचं घर तिथे आहे म्हणून तुम्हाला एवढं लागतंय. समजू शकतो मी."

काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, "होय. माझा घर थय आसा. तुमचा थय असता तर तुमका लागला नसता?"

साहेबांनी फोन उचलला. बोलणं संपलं होतं.

दरवर्षी सरकारकडे एक फॉर्म जायचा. 'पर्जन्यजल प्रक्रिया यंत्रणा सुस्थितीत व कार्यरत आहे.' खाली सही यंत्रणा चालवणाऱ्याची, म्हणजे काकांची. त्या वर्षी काकांनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि परत दिला. "जा डोळ्यांक दिसणा नाय, ता हातान कसा लिवू?"

साहेबांनी मला बोलावलं. माझ्या बढतीचा कागद त्याच टेबलावर होता, त्यांनी तो दाखवला नाही, झाकलाही नाही. "तू सुपरव्हाइज करतेसच ना सगळं. एक सही आहे ग. बायपास होतोच आहे." कोणी माझा हात धरला नव्हता. कोणी धमकी दिली नव्हती. खिडकीतून तो प्लास्टिकचा डेक समोर दिसत होता, त्यावर मुली कर्दळीसोबत सेल्फी काढत होत्या. मी सही केली.

लोकांवर चिडणं सोपं आहे. प्रधानसाहेबांवर मी आजही तासभर चिडू शकते. पण त्या सहीचा राग कुठे ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

काकांना निवृत्तीला तीन महिने होते. त्यांना पंपावरून काढून सर्व्हिस गेटवर बसवलं, येणाऱ्या टेम्पोंचे नंबर लिहायला. पंपाच्या खोलीतल्या बाटल्या कचऱ्यात टाका असा निरोप आला, तेव्हा त्यांनी त्या पोत्यांत भरून घरी नेल्या. डेब्रिसच्या ढिगाऱ्यातली फळीही नेली. मी गेटवर त्यांना भेटायला गेले, न जाऊन चाललं नसतं.

"फॉर्म गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"सही कोणाची?"

"माझी."

वहीत नंबर लिहिता लिहिता ते थांबले. "चर बघितलास?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि पुढच्या टेम्पोचा नंबर लिहायला लागले. एक शब्द जास्त नाही. मालवणी सुद्धा नाही.

बायपास झाला नाही. अर्थातच झाला नाही.

जुलैत एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला. डेकवरच्या खुर्च्या आत घेतल्या, माळा विझवल्या, बाकी सगळं ठीक होतं. साडेतीनच्या सुमाराला माझा फोन वाजला. घाडीकाकू होत्या. काकू मला कधी फोन करायच्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "बाय, ह्यांका जरा समजाव गो. पाण्यात उभे आसत कधीधरना, आयकनत नाय."

मी सर्व्हिस गेटमधून बाहेर पडून चाळीत गेले. भिंतीच्या सगळ्या भोकांतून पाणी फुटत होतं. काळं पाणी. घोट्यापेक्षा वर होतं आणि त्याला पेट्रोलपंपावर येतो तसा वास होता. बायका दारांच्या उंबऱ्यांवर चिंध्या कोंबत होत्या. एकीने मला ओळखलं, "ही वरच्यांचीच," असं म्हणाली, आणि मी मान खाली घालून पुढे गेले.

काका आपल्या दारासमोर, विहिरीपाशी होते. त्यांनी फणसाची फळी गल्लीत आडवी घातली होती, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला विहिरीचा कठडा. गुडघा टेकून, अंगाचा सगळा भार देऊन ते ती दाबून धरत होते आणि एका हाताने फटींत गोणपाट कोंबत होते. डोक्यावर तीच पिशवी. ज्या फळीने त्यांनी इतकी वर्षं मॉलचं पाणी मॉलमध्ये अडवलं, तीच आता त्यांच्या दारात लावली होती.

"काका, विहिरीत गेलं?"

त्यांनी मानेने विहीर दाखवली. मी वाकून बघितलं. पाणी वर आलं होतं आणि त्याच्यावर निळा-जांभळा तवंग फिरत होता. मधोमध एक कॉफीचा कागदी पेला तरंगत होता.

मी रडले. रडण्याचा काय उपयोग होता! काका उठले, घरात गेले आणि एक बाटली घेऊन आले. ती कोऱ्या चिठ्ठीची होती. त्यांनी आतलं टँकरचं पाणी गटारात ओतलं, बाटली दोरीने विहिरीत सोडली, भरून वर काढली, शर्टाच्या आतल्या बाजूने पुसली. चिठ्ठी ओली होऊ नये म्हणून पिशवी काढून तिच्यावर धरली आणि खिशातलं पेन मला दिलं.

"लिही."

मी तारीख लिहिली, वेळ लिहिली. हात थांबला.

"नाव," ते म्हणाले.

मी नाव लिहिलं. सुजाता, आणि पुढे आडनाव. त्यांनी वाचलं, बाटली कठड्यावर ठेवली.

"आता बघितलंस," ते म्हणाले. "जा, तुझी ड्युटी आहे."

पुढचं फार नाही. मी सही मागे घेत असल्याचं पत्र दिलं, वरच्या ऑफिसातही पाठवलं. पोच आली, दुसरं काही आलं नाही. मी नोकरी सोडली. विहिरीवर आता लोखंडी झाकण आहे आणि चाळीला टँकर येतो. काका आणि काकू गावी गेले. कधी फोन केला तर काका वाफ्यांचं बोलतात, त्या दिवसाचं कधीच नाही. ते ओरडले असते, मालवणीत चार शिव्या हासडल्या असत्या, तर मी आयुष्यभर त्यांची आभारी राहिले असते.

पण ते ओरडले नाहीत. मी गेटपाशी पोचून मागे वळून बघितलं तेव्हा ते पुन्हा फळीशी बसले होते. पिशवी डोक्यावर घालायची राहिली होती, पांढरे केस कपाळाला चिकटले होते. गुडघा फळीवर, एक तळवा लाकडावर पसरून, ते पाणी कुठून फुटतंय ते चाचपत होते. आणि त्यांच्या शेजारी, कठड्यावर, भर पावसात, माझ्या नावाची बाटली उभी होती.